डोंगरावर गेलेले मूल वेळेवर परतले नाही, तर कधी कळवावे?

पाचोऱ्याहून एका आईंचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

“माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. श्रावणातल्या एका रविवारी तो आणि त्याचे दोन मित्र दुचाकीवरून पाटणादेवीला गेले. दर्शन घेऊन कन्हेरगड पाहायचा आणि पाचपर्यंत घरी यायचे, असे सांगून तो निघाला होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने नागार्जुन लेण्याच्या दाराशी काढलेला फोटो पाठवला, आणि त्यानंतर काहीच निरोप आला नाही. सहापासून आम्ही सगळे फोन लावत होतो. आधी रिंग जात होती, नंतर फोन बंद लागू लागला. मला आठ वाजताच पोलिसांना कळवायचे होते, पण दीर म्हणाले, ‘तरणी पोरं आहेत, येतील, उगाच गावभर बोभाटा नको.’ अकरा वाजता मला राहवले नाही आणि मी ११२ ला फोन केला. त्याच सुमारास दीर चार जणांना घेऊन परस्पर जंगलात शिरले. पोलीस, वनरक्षक, पाटणा गावातली माणसे आणि चाळीसगावची डोंगरात फिरणारी काही मुले रात्रभर तिथे होती. सकाळी सातला मुलाचा फोन आला तो कन्नड तालुक्यातून. वाट चुकून तिघे वर पठारावर निघाले होते आणि एका वस्तीवर थांबले होते. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटले, ‘माय, पोरगं सापडनं, आते रडू नको.’ घरचे मात्र अजून म्हणतात की मी दम धरला असता तर एवढा तमाशा झाला नसता, आणि मुलगा शरमेने कोणाला तोंड दाखवत नाही. मी खरोखर घाई केली का? त्या लोकांचे ऋण कसे फेडावे? आणि मुलगा आता म्हणतो की त्यालाही अशा पथकात जायचे आहे, तर जाऊ द्यावे का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही घाई केली नाही. आठ वाजता तुमच्या मनात आले होते तेच बरोबर होते, आणि फोन तेव्हाच व्हायला हवा होता. त्या वेळी तुमच्या हाती काय होते ते पाहा. सांगितलेली वेळ टळून तीन तास झाले होते, पावसाळ्याचे दिवस होते, अंधार पडला होता, तिघांपैकी एकाचाही निरोप नव्हता आणि शेवटचा ठावठिकाणा सहा तासांपूर्वीचा होता. एवढे कारण पुरेसे असते. शोधकार्याला जाणाऱ्या लोकांशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे, आणि त्यांच्यापैकी कोणी लवकर बोलावल्याबद्दल कुरकुर केल्याचे मी ऐकलेले नाही. उशिरा बोलावल्याबद्दलची हळहळ मात्र पुष्कळदा ऐकली आहे.

उशीर का नडतो, हे घरच्यांना समजावून सांगण्यासाठी एक साधा हिशेब देतो. वाट चुकलेला माणूस जंगलातून तासाला दोन किलोमीटर चालतो असे धरले, तर शेवटच्या ठिकाणापासून एका तासात तो साडेबारा चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. दोन तासांत ते क्षेत्र पन्नास होते आणि चार तासांत दोनशे. म्हणजे वेळ दुप्पट झाली की शोधायचा मुलूख चौपट होतो. पाटणादेवीचे जंगल ज्यात येते त्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे सगळे क्षेत्रच २६० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. प्रत्यक्षात कडे आणि घळी आडव्या येत असल्यामुळे माणूस चारी दिशांना सारखा जाऊ शकत नाही, त्यामुळे खरे क्षेत्र कमी भरते, पण वाढीचा वेग असाच असतो. त्यातून आपल्या खानदेशातली परिस्थिती आणखी अवघड आहे. लोणावळ्याला शिवदुर्ग मित्रसारखी किंवा महाबळेश्वरला तिथल्या ट्रेकर्ससारखी दोरखंड आणि स्ट्रेचर घेऊन तयार असलेली पथके सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यावर आहेत. सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत पहिली मदत म्हणजे वनरक्षक आणि पायथ्याच्या गावातली माणसे हीच असते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्याला आहे, ही आपल्या भागाची मोठी जमेची बाजू. पण ती जिल्हा प्रशासनाच्या मागणीवरून निघते, आणि निघाल्यावर चाळीसगावमार्गे पाटणादेवीला पोहोचायलाच दोनेक तास जातात. आठला कळवले तर ही यंत्रणा दहा-साडेदहाच्या सुमारास जागेवर असते. अकराला कळवले तर मध्यरात्र उलटते.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेची हकिकत तुमच्या घरी सर्वांना आठवत असेल. तिथे पुढे काय झाले ते सगळ्या जगाने पाहिले. पण सुरुवात कशी झाली ते फारसे कोणी सांगत नाही. २३ जून २०१८ च्या संध्याकाळी फुटबॉल संघातली बारा मुले आणि त्यांचा तरुण सहायक प्रशिक्षक सरावानंतर घरी आले नाहीत, तेव्हा पालकांनी त्याच संध्याकाळी मुख्य प्रशिक्षकाला फोनवर फोन केले. तो गुहेकडे धावला, आणि तोंडाशी मुलांच्या सायकली आणि सामान पाहून त्याने लगेच कळवले. शोध त्याच रात्री सुरू झाला. मुले २ जुलैला सापडली, १० जुलैपर्यंत सगळी बाहेर आली, आणि गुहेत भरलेले पावसाचे पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्करांच्या तंत्रज्ञांनीही मदत केली. त्या आईबापांनी ‘येतील, मोठी झाली आहेत’ म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली असती, तर मुले गुहेत आहेत हे कळायलाच एक दिवस उशीर झाला असता.

आता पुढच्या वेळेसाठी. ब्रिटनमध्ये हौसेने नैसर्गिक गुहांत उतरणारी पुष्कळ मंडळी आहेत, आणि त्यांच्या मदतीला जाणारी पथकेही स्वयंसेवकांचीच आहेत. यॉर्कशायरमधल्या क्लॅपहॅमची संस्था तर १९३५ पासून हे काम करते. जमिनीखाली फोन चालत नाही, म्हणून तिथे गुहेत शिरण्यापूर्वी घरी थांबणाऱ्या एका माणसाला दोन वेळा सांगून ठेवण्याची शिस्त आहे. पहिली वेळ परतीची. दुसरी अशी की, तोवर निरोप आला नाही तर त्या माणसाने कोणाला न विचारता पोलिसांना फोन करायचा. आपल्या डोंगरांतही निम्म्या ठिकाणी फोन लागत नाही. तोरणमाळच्या दऱ्यांत, मनुदेवीच्या मागच्या जंगलात, पितळखोऱ्याच्या खाली उतरल्यावर काय होते ते आपण जाणतोच. म्हणून ही शिस्त आपण जशीच्या तशी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

तुमच्या मुलाने ‘पाचपर्यंत येतो’ एवढेच सांगितले होते. ‘आठपर्यंत माझा आवाज ऐकू आला नाही तर ११२ ला फोन कर’ हे वाक्य त्यात नव्हते, आणि त्या एका वाक्याच्या अभावी तुम्हाला तीन तास दिरांशी वाद घालावा लागला. वेळ आधी ठरलेली असली की वाद उरतच नाही. कोणी भित्रे ठरत नाही आणि कोणी निष्काळजीही ठरत नाही. ठरवताना परतीच्या वेळेत दोन-तीन तासांची मोकळीक ठेवावी, कारण पंक्चर होते, पाऊस लागतो, कोणाच्या पायात गोळा येतो. पण ती वेळ शक्यतो पूर्ण अंधार पडण्याच्या फार पुढे नसावी. एका कागदावर कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, बरोबर कोण, त्यांच्या घरचे फोन नंबर, गाड्यांचे नंबर आणि त्या कुठे लावणार हे लिहून तो कागद फ्रीजवर चिकटवून ठेवावा. बेत ऐनवेळी बदलला तर एक एसएमएस करावा; फोन लागत नाही तिथूनही एखादा एसएमएस निसटून जातो.

कळवताना काय सांगावे, याचा विचार लोक आधी करत नाहीत आणि मग फोनवर रडू येते. ११२ चा फोन राज्यस्तरीय नियंत्रण कक्षात जातो. पलीकडे बोलणाऱ्याला पाटणादेवी कुठे आहे हे माहीत असेलच असे नाही, म्हणून आधी तालुका आणि जिल्हा सांगावा, मग जागा. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, आणि ती कोणालाच सुचली नाही. तो डोंगर दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. खालची बाजू जळगाव जिल्ह्याची, वरचे पठार छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे. वाट चुकलेला माणूस वर निघाला की त्याचा तालुका बदलतो, पोलीस ठाणे बदलते, आणि चाळीसगावच्या बाजूने रात्रभर हाका मारणाऱ्यांना तो वर कन्नडच्या बाजूला झोपला आहे हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून ‘दोन्ही बाजूंना कळवा’ असे स्पष्ट म्हणावे. त्याच वेळी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे. अभयारण्य असल्यामुळे वनविभागालाही लगेच सांगावे, कारण कोण आत गेले आणि कोण बाहेर आले याची माहिती प्रवेशद्वारावरच्या माणसाला बहुधा असते.

मग पहिली खात्री करायची ती गाड्यांची. पायथ्याशी दुचाकी उभ्या आहेत म्हणजे मुले डोंगरातच आहेत. दुचाकी नाहीत म्हणजे शोध रस्त्यावर आणि दवाखान्यांत घ्यायचा. दुसरी गोष्ट तो दोन वाजून दहा मिनिटांचा फोटो. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख सहज केला आहे, पण शोधणाऱ्यांच्या दृष्टीने तो त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा कागद होता. मुले त्या क्षणी कोणत्या बाजूला होती, अंगात कोणत्या रंगाचा शर्ट होता, पायात चप्पल होती की बूट, पाठीवर पिशवी होती की नाही, ढग किती खाली आले होते, हे सगळे एका फोटोत दिसते. असा फोटो पहिल्या फोनबरोबरच पोलिसांच्या हवाली करावा. आणि मुलाच्या फोनवर सतत रिंग देऊ नये. तुम्ही सगळ्यांनी मायेपोटीच फोन लावले, पण खिशात वाजणाऱ्या प्रत्येक रिंगने बॅटरी उतरते, आणि तीच बॅटरी त्याला ११२ लावायला किंवा आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश पाठवायला लागणार असते. एकानेच, ठरावीक अंतराने प्रयत्न करावा आणि ‘आहेस तिथेच थांब, मदत येते आहे’ असा एसएमएस टाकावा.

तुमच्या दिरांबद्दल मी कठोर होणार नाही. पुतण्यासाठी रात्री जंगलात शिरणाऱ्या माणसाची तळमळ खरीच असते. तरी ते चुकले, हे त्यांना सांगा. न सांगता शिरलेली पाच माणसे म्हणजे पथकाच्या दृष्टीने आणखी पाच हरवलेली माणसे. त्यांच्या बॅटरीचा उजेड लांबून पाहून शोधणारे तिकडे वळतात, त्यांच्या हाकांना मुलांच्या हाका समजतात, आणि चिखलातले मुलांच्या पावलांचे ठसे त्यांच्याच पायांखाली पुसले जातात. घळीत आवाज घुमतो, तो कुठून येतो ते उमगत नाही. त्यातून लेण्यांच्या आणि कड्यांच्या आश्रयाने आग्या मोहोळे असतात, आणि ती रात्रीही उजेडावर येतात. टेंभे किंवा प्रखर झोत घेऊन त्यांच्याखालून जाणे जिवावर बेतू शकते. दिरांनी पोलिसांपुढे जाऊन ‘आम्ही पाच जण आहोत, काय करू?’ असे विचारले असते, तर दोघांना दुचाकींपाशी दिवा लावून बसवता आले असते आणि तिघांना कन्नड घाटाने गाडी घेऊन वरच्या वस्त्यांवर चौकशीला पाठवता आले असते. कदाचित मुले पहाटेपूर्वीच सापडली असती.

तुम्ही पत्रात आणखी एक तक्रार केली आहे, ती मी वर दिली नाही. रात्री दोनच्या सुमारास पथकाने वर चढणे थांबवले आणि उजाडण्याची वाट पाहिली, तेव्हा तुम्हाला वाटले की त्यांनी पाठ फिरवली. तसे नव्हते, ताई. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांच्या पुराने काय केले आणि कन्नड घाटात दरडी कशा कोसळल्या, ते आपण विसरलेलो नाही. वर पठारावर पाऊस झाला की खाली चांदणे असतानाही घळीत लोंढा येतो. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि धुळ्याच्या तुकडीतले तीन जवान प्राणांस मुकले. दुसऱ्याच्या मुलासाठी निघालेल्या माणसालाही घरी वाट पाहणारे कोणी असते. कधी पुढे जायचे आणि कधी थांबायचे हे पथकाच्या प्रमुखाला ठरवू द्यावे, आणि त्या तासांत त्याच्यावर दबाव आणू नये.

मुलाच्या शरमेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मला त्याची काळजी तुमच्या इतर प्रश्नांपेक्षा जास्त वाटते. शरमिंदी झालेली मुले पुढच्या खेपेला न सांगता जातात, आणि संकटात सापडली तरी फोन करत नाहीत. त्याने वाट चुकवली हे खरे. पण अंधार पडल्यावर त्याने घळीतून खाली उतरण्याचा हट्ट धरला नाही, तिघांची ताटातूट होऊ दिली नाही, उजेड दिसला त्या वस्तीवर जाऊन थांबला. वाट चुकलेली माणसे बहुधा पाण्याच्या कडेने उतारालाच लागतात, आणि पावसाळ्यात तीच वाट धबधब्याच्या माथ्यावर जाऊन संपते. त्याने ते टाळले, हे त्याला घरातल्या कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे, आणि शक्यतो त्याच्या काकांनी. उणीव एकच राहिली. वस्तीवर पोहोचल्यावर तिथल्या कोणाचा तरी फोन मागून घरी कळवायला हवे होते, आणि रेंज नसेल तर पहिल्या उजेडात कोणाला तरी रेंजच्या जागी पाठवायला हवे होते, म्हणजे खालची माणसे आणखी काही तास चिखलात राहिली नसती. सुखरूप असल्याचा निरोप हा शोधकार्याचाच भाग आहे. तो ११२ ला, वनविभागाला आणि शोधायला निघालेल्या प्रत्येक टोळीला पोहोचला पाहिजे; एखादी टोळी दुपारपर्यंत हाका मारत फिरत राहते, असे पुष्कळदा होते.

तमाशा झाला, हे घरच्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. मुले आपणहून परत आली म्हणून शोध वाया गेला असे होत नाही. त्या रात्री कोणत्या वाटा तपासल्या गेल्या, फोन कुठे लागला, वनरक्षकांना आणि चाळीसगावच्या मुलांना एकमेकांचे नंबर मिळाले, हे सगळे पुढच्या घटनेला उपयोगी पडणार आहे.

ऋण फेडण्याचा प्रश्न नाजूक आहे. गिर्यारोहकांची स्वयंसेवी पथके शोधकार्याचे पैसे घेत नाहीत, आणि पाकीट पुढे केले तर त्यांना अवघड होते. पाटण्याच्या गावकऱ्यांचे मात्र वेगळे आहे. त्यांच्यापैकी किती तरी जण रोजाने शेतावर जातात. रात्रभर जागल्यामुळे त्यांचा सोमवारचा रोज बुडाला असेल, बॅटऱ्यांचे सेल संपले असतील, कोणाचा बैल चाऱ्यावाचून राहिला असेल. तेव्हा मुलाला घेऊन गावात जा, सरपंचांना विचारा की त्या रात्री कोण कोण आले होते, आणि प्रत्येकाच्या दारी जाऊन मुलाला पाया पडू द्या. चांगल्या प्रतीच्या चार-सहा बॅटऱ्या, शिट्ट्या आणि एक मजबूत दोर गावात ठेवायला द्या. चाळीसगावच्या मुलांच्या गटाला काही द्यायचे असेल तर त्यांना काय लागते ते विचारून वस्तू द्या. हिवाळ्यात नवी वांगी आली की सगळ्यांना भरीत आणि कळण्याच्या भाकरीचे जेवण घाला. वनरक्षकांसाठी त्यांच्या वरिष्ठांना आभाराचे पत्र लिहा. अशी पत्रे फार थोडे लोक लिहितात, आणि सरकारी नोकरीत त्यांना किंमत असते.

आता शेवटचा प्रश्न. मुलाला जाऊ द्या. ज्याने एक रात्र पलीकडून काढली आहे, त्याला शोधणाऱ्याचे आणि हरवलेल्याचे, दोघांचेही मन कळते. पण उत्साहाच्या भरात थेट कड्यावर लोंबकळायला जाण्यासाठी परवानगी देऊ नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे ‘आपदा मित्र’ या, आपत्तीत मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. ते १८ ते ४० वयोगटासाठी असते आणि बारा दिवसांचे असते. प्रथमोपचार नीट शिकू द्या. दिवसाउजेडी, गावातल्या जाणत्या माणसाबरोबर त्या डोंगराच्या सगळ्या वाटा पुन्हा चालू द्या. सहा शिट्ट्या एका मिनिटात, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, आणि उत्तरादाखल तीन, हा संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत त्याला आणि त्याच्या मित्रांना पाठ असावा. पहिले वर्षभर पथकाने त्याला पायथ्याशी वही घेऊन बसवले, कोण किती वाजता कोणत्या वाटेने गेले आणि कोण परतले याची नोंद ठेवायला सांगितले, तर त्याने ते कमीपणाचे मानू नये. ती वही नीट नसेल तर वर गेलेल्यांचा हिशेब लागत नाही. आणि पहिले काम त्याला आजच करता येईल. चाळीसगावच्या त्या मुलांना भेटून त्याने नकाशावर बोट ठेवून दाखवावे की आपण नेमके कुठे वळलो, कोणती खूण पाहून फसलो, वर पठारावर कोणत्या घळीने निघालो. श्रावणातले रविवार अजून उरले आहेत, आणि त्या वळणावर दुसरे कोणी जाण्याआधी तिथे वनविभागाच्या परवानगीने एखादा बाण रंगवता येईल.